तलावातले शंभर मीटर

गुरुजी उजवीकडे वळत नसत. शाळेच्या फाटकातून बाहेर पडलं की त्यांची खोली उजव्या हाताला, चार घरं सोडून होती. पण ते डावीकडे वळायचे, ग्रामपंचायतीपाशी पुन्हा डावीकडे, धानाच्या गिरणीपाशी पुन्हा डावीकडे, आणि अर्ध्या गावाला वळसा घालून घरी पोचायचे. गिरणीवाला रोज न चुकता ओरडायचा, "गुर्जी, घर तिकडं हाये जी!"

"ट्रॅक इकडं वळते," गुरुजी म्हणायचे आणि पुढे जायचे.

पळण्याच्या सगळ्या ट्रॅकवर माणूस डावीकडेच वळतो, आणि ज्याने उमेदीची सगळी वर्षं तेच केलं त्याने आता उगाच शरीराला नवीन काही शिकवू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा डावा खांदा खरोखरच जरा खाली होता. उभे असतानाही ते कुठल्या तरी वळणावर असल्यासारखे दिसायचे.

मूल आणि सिंदेवाही या दोन गावांच्या मधल्या एका खेड्यात, हायस्कुलात, मी गणित शिकवायला लागलो तेव्हा चोविशीत होतो. गडचिरोली नुकताच चंद्रपुरातून वेगळा जिल्हा झाला होता आणि आमचे हेडमास्तर अजून प्रत्येक सभेत कोणता तालुका कुठे गेला ते समजावून सांगायचे. गुरुजी तेव्हा पन्नाशीला आले होते. ते खेळाचे शिक्षक. आम्ही एकाच घराच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. त्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली बाज होती, आणि बाजेखाली चुन्याची पोती होती. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "काय गणित, जेवले का?" असं विचारायचे.

त्यांच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्यांच्या आयुष्यातलं शेवटचं मोठं काम माझ्या एका वाक्याने संपलं. वाक्य खरं होतं. इतकी वर्षं मी तेवढाच एक आधार धरून बसलो आहे, आणि तो मला पुरत नाही.

गुरुजी ऑलिम्पिकला जाऊन आले होते. फौजेत असताना पळायला लागले, पुढे देशाच्या रिलेच्या संघात आले. चौघांनी शंभर-शंभर मीटर पळायचं आणि हातातली कांडी पुढच्याला द्यायची, तो रिले. गुरुजी तिसरे. तिसऱ्याच्या वाट्याला वळण येतं. त्यांचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. म्हणजे त्यांचं सगळं ऑलिम्पिक एका वळणाचं होतं.

"पदक भेटलं का जी?" गावात नवा आलेला प्रत्येक माणूस विचारायचा.

"नाई. वळण भेटलं."

"पन कोनी फोटो तं काढला असंन?"

"सारे फोटोवाले शेवटच्या दोरीपाशी. माह्या वळनावर एक माळी होता, गवताले पानी देत. त्यानं पाह्यलं."

हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसायची. पाहणारा एक माणूस होता, हे त्यांना पुरेसं वाटत असावं.

रिलेत घेणाऱ्याने मागे वळून पाहायचं नसतं. हात मागे करून पळायचं, आणि देणाऱ्याने "घे!" म्हणून ओरडून कांडी तळव्यात ठेवायची. गुरुजींनी हा नियम शाळेच्या शिक्षकखोलीत लागू केला होता. वर्तमानपत्र वाचता वाचता ते उजवा हात मागे करायचे, तळवा उघडा, आणि शिपायाने "घे!" म्हणून चहाचा गिलास त्यात ठेवायचा. शिपाई आधी लाजायचा. मग त्याला त्यात मजा वाटू लागली. एकदा पंचायत समितीचे विस्तार अधिकारी तपासणीला आले होते. शिपाई गुरुजींच्या पाठीमागे येऊन इतक्या जोरात "घे!" ओरडला की साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. गुरुजींनी वर न पाहता चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "बसा साहेब. तुमचा नंबर नाई अजून."

"पळता तं कुत्र्यालेई येते," ते मुलींना सांगायचे. "देनं शिका. समोरच्याच्या हातात नीट पडल्याबिगर सोडू नका."

पंधरा ऑगस्टला सरपंच त्यांना शाल-नारळ द्यायला उठले की गुरुजी हात जोडायचे. "शाल नका देऊ. चुना द्या." शेवटी ग्रामपंचायतीने हार मानली आणि दरवर्षी टाळ्यांच्या गजरात त्यांना चुन्याचं पोतं देऊ लागली.

तो चुना तलावासाठी होता.

आमच्याकडे गावोगाव जुन्या मालगुजारीच्या काळचे तलाव आहेत. त्यांचं पाणी धानाला जातं. शिवरात्र झाली की पाणी मागे सरकायला लागतं, ढिवर मंडळी शेवटची जाळी ओढतात, आणि मार्चअखेर मधोमध तेवढं एक डबकं उरतं. त्यात म्हशी, काठावर बगळे. भोवती सगळी सपाट, भेगाळलेली माती. गावात दुसरीकडे कुठेही एवढी सपाट जागा नव्हती. जिथे जमीन तिथे बांध. तेव्हा गुरुजी त्या तळावर ट्रॅक आखायचे. मुली घमेल्यांनी बारीक माती आणून भेगा बुजवायच्या, वरून पाणी शिंपायच्या, आणि म्हशींच्या डबक्याभोवती चुन्याची पांढरी रेघ उमटायची. जूनमध्ये तलाव भरायला लागला की ट्रॅक पाण्याखाली जायचा. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पहिल्यापासून.

मी पहिल्या वर्षी विचारलं होतं, "मोजता कशाने? टेप आहे का?"

"टेप कशाले? माह्ये पाय कुठी गेले?"

भरधाव पळताना शंभर मीटरला आपली किती पावलं पडतात, हे त्यांच्या अंगात बसलेलं होतं. फौजेत हजार वेळा मोजून झालेलं. आखणीच्या दिवशी ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचे, चपला काढायचे आणि ओठांनी पावलं मोजत पळायचे. थांबतील तिथे एक मुलगी चुना टाकायची. थोडा दम खाऊन तिथूनच दुसरे शंभर. मग तिसरे, मग चौथे. वर्षातून हा एकच दिवस ते लोकांसमोर पळायचे, आणि अख्खं गाव पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून बघायचं. मी त्यानंतर टीव्हीवर पुष्कळ धावणारे पाहिले. पण आमच्या तलावाच्या बांधावरून पाहिलेला तो डावीकडे कललेला माणूस मला अजून त्या सगळ्यांच्या पुढे दिसतो. चौथ्यांदा थांबले की मात्र ते गुडघ्यांवर हात ठेवून बराच वेळ वाकून राहायचे.

मी गणिताचा शिक्षक. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

शेवंता नववीत होती. ढिवरांची पोर, काटक, लांब पायांची, गणितात शून्य. मी वर्गात रागावलो तर म्हणायची, "सर, तुमचं गनित माह्या मागं पळून राह्यलं, पन पोचून नाई राह्यलं." सगळा वर्ग हसायचा, आणि कधी कधी मीही.

ती तलावात पळायला लागली आणि गुरुजींचं बोलणं बदललं. पहाटे खिडकीतून हाक, "गणित, उठा, घड्याळ धरा." शेवटचे शंभर मीटर सरळ होते, तिथे एकटीला पळवायचे. मी घड्याळ दाबलं की काय वाचतो ते ऐकायला ते कान पुढे करायचे. दरवर्षी मुली मागच्या वर्षीपेक्षा जोरात पळत होत्या. आता ही तर कमालच होती.

त्यांनी जुन्या संघातल्या आपल्या सोबत्याला बोलावून घ्यायचं ठरवलं. ऑलिम्पिकमध्ये गुरुजींनी ज्याच्या हातात कांडी दिली होती तो चौथा धावणारा. आता पुण्याला मुलींच्या क्रीडा वसतिगृहात शिकवत होता. गुरुजी त्याला नावाने न बोलावता नुसतं "चौथा" म्हणायचे. "चौथा येऊन राह्यला. त्यानं पाह्यलं का पोट्टी पुण्याले गेलीच म्हनून समजा."

शेवंताचा बाप जाळं विणता विणता ऐकत होता. "गुर्जी, थे पळून पळून कुठी पोचन जी?"

"पुण्याले. दूध भेटते, अंडे भेटते, बूट भेटते. शाळा तिथीच."

"बूट घालून तं पडन थे," बाप म्हणाला. पण जाळं बाजूला ठेवून बायकोकडे पाहिलं, आणि ती मान खाली घालून हसत होती. मुलगी जाणार होती. त्या घरातलं कोणी नागपूरच्या पुढे गेलेलं नव्हतं.

पाहुणा यायच्या आधी गुरुजींना खूश करावं म्हणून मी एक उद्योग केला. पाटबंधारे खात्याचा एक माणूस पाळीच्या दुरुस्तीसाठी गावात मुक्कामाला होता. त्याच्याकडे लांब टेप होता. प्रत्येक शंभर मीटरला रंगवलेला दगड रोवायचा, असं ठरवून मी दुपारी त्याला घेऊन तलावात उतरलो. गुरुजी झोपलेले होते.

पहिले शंभर थोडे कमी भरले. मला वाटलं, टेप ढिला धरला असेल. दुसरे आणखी कमी. तिसरे त्याहून कमी. आणि शेवटचे, शेवंताचे सरळ शंभर मीटर, नव्वदीच्या जरा पुढेच संपत होते.

मी तिथेच चुन्यावर बसलो. गणित सोपं होतं. पावलांची संख्या तीच होती, पाऊल आखूड झालं होतं. गुरुजींचं वय वाढत होतं आणि दरवर्षी ट्रॅक तेवढा लहान होत होता. म्हणून दरवर्षीच्या मुली आधीच्यांपेक्षा वेगवान. आणि शेवटचे शंभर ते शेवटी मोजायचे, म्हणजे सगळ्यात दमल्यावर. सगळ्यात खोटी वेळ त्यांच्या सगळ्यात चांगल्या मुलीची होती.

पाहुणा यायला तीन दिवस होते. मी त्यांना एकट्याला गाठून सांगू शकत होतो. रोज संध्याकाळी ठरवायचो. पण संध्याकाळी गुरुजी अंगणात बसून शेवंताला शेंगदाणे-गूळ खायला घालायचे आणि म्हणायचे, "माह्या वळनावर माळी होता. हिच्यासाठी अख्खी दुनिया उभी राहीन, पाह्यजा गणित." त्यावर माझी जीभ उचलत नसे. मी स्वतःला सांगितलं की पाहुणा अनुभवी आहे, तो बघून घेईल.

तो आला. हेडमास्तरांनी मागून आणलेल्या जीपमधून उतरला, टक्कल पडलेला, सुटलेल्या पोटाचा, हसरा माणूस. गुरुजींनी त्याला मिठी मारली नाही. पाठमोरे होऊन हात मागे केला. त्याने क्षणभर पाहिलं, खिशातला रुमाल गुंडाळला आणि "घे!" म्हणून तळव्यात ठेवला. दोघे इतके हसले की पाळीवरच्या बायकाही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

शेवंता पळाली. अनवाणी, शाळेच्या स्कर्टमध्ये, सगळ्या गावासमोर. चौथ्याने घड्याळ दाबलं, पाहिलं, गुरुजींना दाखवलं.

"पाह्य," गुरुजी म्हणाले. एवढंच.

चौथा गालात हसला. "काय रे, मोजलायस ना नीट?"

"पायानं."

"तुझ्या पायानं?" तो मोठ्याने हसला आणि गुरुजींच्या खांद्यावर हात टाकला. हेडमास्तर हसले, सरपंच हसले. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं.

"कमी आहे, सर. शेवटचे शंभर कमी आहेत. मी टेपने मोजलेत."

मी का बोललो? खोट्या वेळेवर पोर पुण्याला जाईल आणि तिथे तिची फजिती होईल, असं मला वाटलं होतं. हे खरं आहे. पण तीन वर्षं ऑलिम्पिक ऐकत आलेल्या एका तरुण मास्तराला त्या गर्दीत आपल्याला काहीतरी नेमकं माहीत आहे असंही वाटलं. हेही खरं आहे, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

"म्हणजे वेळ खोटी?" हेडमास्तरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. "कितीनं?"

मी सांगितलं. पाहुण्यासाठी पहाटेपासून ट्रॅकवर राबून त्यांचे पाय आधीच भरलेले होते. तसेच ते सरळ रेषेच्या सुरुवातीला गेले, चपला काढल्या, पँट दुमडली आणि पळाले. ओठ हलत होते. पावलं संपली तिथे थांबले. त्यांची स्वतःची चुन्याची रेघ अजून हातभर पुढे होती. महिनाभरापूर्वी त्यांनीच पळून आखलेली.

ते मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत राहिले. पाळीवर कोणीतरी हसलं आणि गप्प झालं.

चौथा त्यांच्याकडे चालत गेला. मीही मागोमाग गेलो. हेडमास्तर आणि सरपंच एव्हाना पाळीवर गेले होते, आम्ही तिघेच खाली होतो. शेवंता आईबापाजवळ पाळीवर उभी होती, तिला तिथून काही ऐकू येण्यासारखं नव्हतं.

"अरे, मोजणी राहू दे," चौथा म्हणाला. "मी पोरीला नेतो."

"नाई."

"का नाही?"

"वेळ खोटी हाये. उद्या तिथी कमी पडन, तं म्हनतीन, गुरुजीनं खोटं देल्लं. मी आजपावेतो कोनाले खोटं देल्लं नाई."

"मला वेळ नकोच आहे रे तुझी."

"तुले माह्यी दया येऊन राह्यली." गुरुजींनी चपला हातात घेतल्या आणि पाळीच्या पायऱ्या चढले. शेवंताच्या बापासमोर उभे राहून म्हणाले, "यंदा नाई जमत. माह्यी चूक झाली." बापाने मान हलवली, जणू त्याला हे आधीपासून माहीत होतं. शेवंता माझ्याकडे पाहत होती.

चौथ्याला जीपपर्यंत पोचवायला मी गेलो. जीपच्या दाराशी तो थांबला. "ट्रॅक कमी आहे हे मला पाळीवरूनच दिसलं होतं, मास्तर. आयुष्यभर तेवढंच बघत आलोय. मी घड्याळ बघायला आलो नव्हतो, तिचे पाय बघायला आलो होतो. अशी पोर मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती."

"मग मोजलंय का म्हणून विचारलंत कशाला?"

"थट्टा केली हो त्याची. पूर्वीपासून करतो." तो जीपमध्ये बसला. "तुम्ही खरं बोललात. चूक नाही म्हणत. पण..." त्याने दार ओढून घेतलं.

त्या संध्याकाळी मी गुरुजींना हे सगळं शब्दाला शब्द सांगितलं. हात जोडले. ते बाजेवर पाय लांब करून बसले होते. "तो मैतर हाये गणित. मैतर असंच बोलते," ते म्हणाले. आणि पाय चोळत, "तुमी बरोबर केलं." त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

पुढच्या उन्हाळ्यात तलाव आटला तेव्हा त्यांनी चुन्याची पोती माझ्या खोलीत आणून ठेवली. "तुमी आखा." मी आखला. खुंटी, दोरी, टेप. बोटभराचीही चूक नव्हती. गुरुजी पाळीवर बसून राहिले, खाली उतरले नाहीत. घड्याळ मी धरलं. मुलींच्या वेळा मागच्या वर्षीपेक्षा कितीतरी हळू आल्या, त्या एकमेकींकडे बघायच्या, मग पाळीकडे. आठवड्याभरात एकेक करून यायच्या थांबल्या. त्या नेमक्या ट्रॅकवर पुढे नुसत्या म्हशी चालल्या.

शेवंता दहावीत गणितात नापास झाली. पुढच्या वैशाखात सिंदेवाहीला तिचं लग्न झालं.

आणि त्याच वर्षी कधीतरी माझ्या ध्यानात आलं की गुरुजी शाळेतून निघाल्यावर उजवीकडे वळताहेत. चार घरं सोडून, सरळ आपल्या खोलीत. गिरणीवाल्याने मला विचारलं, "गुर्जी आजारी हायेत का जी? दिसत नाईत आताशा." पुढे माझी बदली झाली. ते निवृत्त होऊन वरोऱ्याकडे आपल्या गावी गेले. मी दोनदा जायला निघालो आणि दोन्ही वेळा चंद्रपूरच्या स्टँडवरून परत फिरलो. ते गेल्याचं मला आमच्या जुन्या शिपायाकडून कळलं, तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी सिंदेवाहीला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. मासळीच्या ओळीतून जाताना हाक आली, "सर! वळखलं का जी? शेवंता. गनितात नापास."

अंगाने भरली होती, केस पांढरे व्हायला लागले होते. हसणं तेच. मुलगा वनखात्यात लागला, मुलगी गडचिरोलीला नर्सिंग करते, असं तिने विळीवर रोहू कापता कापता सांगितलं.

"गुर्जी गेले म्हनतेत."

"हो."

"लय चांगले होते जी." तिने माशाचे खवले बाजूला सारले. "एक इचारू का? थ्या दिवशी पुण्याचे साहेब काई बोलले होते का माह्याबद्दल? गुर्जी कधी काई सांगलेच नाई. म्या बी इचारलं नाई."

मी म्हणालो, "नाही. काही बोलले नाहीत."

"मंग बरं झालं," ती म्हणाली आणि मोकळी हसली. "मले लय साल वाटत राह्यलं का मी खरंच पळत होती."

मी तिचा निरोप घेऊन स्टँडवर आलो. चंद्रपूरची एसटी लागलेली होती. बसलो. कंडक्टरने तिकीट दिलं. गाडी सुरू झाली तेव्हा मी उठलो, त्याला थांबवायला लावलं आणि उतरलो. बाजारात परत गेलो तेव्हा धापा टाकत होतो.

शेवंता कोणाला तरी मासा तोलून देत होती. मी गिऱ्हाइकाच्या खांद्यावरूनच बोललो. "शेवंता, ते बोलले होते. घड्याळ नको, मी पोरीला नेतो, असं म्हणाले होते. ट्रॅक कमी आहे हे त्यांना आधीच माहीत होतं. तुझे पाय पाहूनच म्हणाले. अशी पोर बऱ्याच वर्षांत पाहिली नाही, म्हणाले."

तिचा हात तराजूवर तसाच राहिला. गिऱ्हाईक एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहू लागलं. तिने मासा त्याच्या पिशवीत टाकला, पदराला हात पुसले आणि वर पाहिलं.

"आता काऊन सांगून राह्यले जी, सर?"